डावीकडून तिसरी मनजीत

३ फेब्रुवारी, मंगळवार
मनजीतचं ओसीआय कार्ड रद्द. भारतीय कॉन्सुलेटचं पत्र तीन ओळींचं, कारण दिलेलं नाही, आणि त्या तीन ओळींत व्याकरणाच्या दोन चुका. आता तिला भारतात जायचं तर व्हिसा हवा, आणि तो हे लोक देणार नाहीत. तिकडे गावी भाऊ डायलिसिसवर. मार्चअखेरचं तिकीट काढून ठेवलं होतं.

समोरच्या घरात बावीस वर्षं राहते ती. माझे हे गेले तेव्हा तेरा दिवस तिच्याकडून डबा आला. आज पत्र घेऊन माझ्या स्वयंपाकघरात उभी राहिली. रडली नाही. "शालिनी, मैंने किया क्या है?"

काय केलं? नोव्हेंबरात गुरुद्वाऱ्यातल्या पाच बायका घेऊन आमच्या भागातल्या अमेरिकन खासदाराच्या, काँग्रेसमनच्या, ऑफिसात गेली. म्हणाली, इथे आम्हाला धमक्यांचे फोन येतात, तिकडे आमच्या माणसांच्या दारात पोलीस येतात, तुम्ही सुनावणी घ्या. निवेदनाचं इंग्रजी माझं. मी सोबत होते. बस.

हे ज्यानं केलं त्याला सोडणार नाही. इथे लिहून ठेवते म्हणजे नंतर मवाळ होणार नाही.

५ फेब्रु.
काँग्रेसमनच्या ऑफिसात फोन. केटलिन नावाची मुलगी, आवाज मधात बुडवलेला. "वुई हिअर यू, मिसेस करंदीकर." ऐकताय तर काहीतरी करा. उद्यापासून रोज सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी फोन करणार.

१२ फेब्रु.
उत्तर आलं. छापील. 'भारतीय संस्कृतीविषयी आपल्याला असलेल्या आस्थेबद्दल आभार.' लाल पेनानं तपासून परत पोस्टात टाकलं. दहापैकी दोन. शेरा: प्रश्न पुन्हा वाचा. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेस वही अशीच परत करायची, कानशिलं तापायची. तिच्यावरचा राग आज गेला.

१५ फेब्रु., रवि.
मराठी मंडळाची मीटिंग. पाडव्याच्या कार्यक्रमाला काँग्रेसमन प्रमुख पाहुणे, शिवाय कॉन्सुलेटचे एक अधिकारी. फेटे मागवून झाले. मी मनजीतचा विषय काढला. मंडळाने एक पत्र द्यावं, एवढंच. अध्यक्ष पराग म्हणाला, "मावशी, आपण पॉलिटिक्समध्ये पडत नाही ना."
"काँग्रेसमनला फेटा बांधणं हे काय भरतकाम आहे?"
कमिटीतली सुलभा खोकली. परागने विषय केटररकडे नेला. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. एरवी मावशी मावशी करत मागे फिरतो.

२० फेब्रु.
म.च्या भावाकडे साध्या कपड्यांतली दोन माणसं येऊन गेली. बहीण अमेरिकेत कुणाला भेटते, काय बोलते. तासभर बसली. आजारी माणसाला तासभर! हातात एक कागद होता. सुनेने चहा ठेवताना फोनवर त्याचा फोटो काढला. शूर पोरगी.

म. तो फोटो घेऊन आली. "मेरी हिंदी तो छठी में ही रह गई. पढ़ के बता, पुलिसवालों ने नीचे क्या लिखा है."

नोव्हेंबरातलाच, मी काढलेला फोटो. सहा बायका, मधे काँग्रेसमन. खाली: 'डावीकडून तिसऱ्या सौ. मनजीत कौर, मूळ गाव...'

हिंदी नाही. पोलिसांचंही नाही. माझं.

अठरा वर्षं मंडळाच्या स्मरणिकेची संपादक. नियम मीच केलेला: पूर्ण नाव आणि मूळ गाव नसेल तर फोटो छापणार नाही. त्या दिवशी पार्किंगमध्ये एकेकीला विचारून गावं टिपून घेतली, नीट, उच्चार पक्का करून. संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. कौतुकाने. बघा माझ्या मैत्रिणी काय करतात म्हणून.

म.ला म्हटलं, "नाम हैं. गाँव हैं."
खोटं नाही बोलले.

२१ फेब्रु.
ग्रुपवरचा फोटो डिलीट केला. तीन महिन्यांनी, तोही फक्त माझ्या फोनवरून गेला. मूर्ख बाई.

पण मी तर फक्त ग्रुपवर टाकला. ग्रुपमधून बाहेर कुणी नेला?

२४ फेब्रु.
परागला कॉफीला बोलावलं. कपाला हात लावायच्या आधी विचारलं, फोटो कुणाला पाठवलास?
आधी "कुठला फोटो", मग "मावशी, ऐका तर", मग सगळं. कॉन्सुलेटच्या त्या अधिकाऱ्यांनी विचारलं होतं, तुमच्या भागात कोण कोण अ‍ॅक्टिव्ह आहे. आपल्या हॉलवर पासपोर्टचा कॅम्प मिळवायचा होता. "मी जस्ट फॉरवर्ड केलं, यार. मला काय माहीत पुढे... आणि नावं-गावं तर तुम्हीच—"
वाक्य पुरं करू दिलं नाही. कोट हातात दिला. दार उघडलं. बर्फ पडत होतं, पडू दे.

हा मुलगा माझ्या हातचे बेसनाचे लाडू खाऊन गेलाय.

१ मार्च
सापडलं. पाडव्याचं आभारप्रदर्शन. दरवर्षी माझंच असतं, वयोमानाने. पराग माझं नाव छापून बसलाय, आता काढेल तर सगळे कारण विचारतील. स्टेजवर तो, अधिकारी आणि काँग्रेसमन ओळीने. माइक माझ्या हातात.
म.ला सांगितलं, पहिल्या रांगेत बसायचं. "क्यों, भंगड़ा कराएगी?" बऱ्याच दिवसांनी हसली.

१४ मार्च
भाऊ परवा डायलिसिस अर्धवट टाकून घरी आला. व्हिडिओवर म.ला म्हणाला, तू ये, मग बघू. ती त्याला "हाँ वीरे, आ रही हूँ" म्हणते. रोज.

भाषण पाठ झालं. परागवर चार वाक्यं. एकही शब्द काढण्यासारखा नाही. शेवटी एक वाक्य माझ्यावर, तेही असायलाच हवं. नाहीतर त्याच्यात आणि माझ्यात...
इंग्रजीतच लिहिलंय, म.ला कळावं म्हणून.

२१ मार्च, शनि.
केलं.
काँग्रेसमन फेट्यात, वरपक्षाकडच्या काकासारखे. म. मोरपंखी सूट घालून समोर. केटरर, साउंडवाले, ढोल पथक, सगळ्यांचे आभार मानले. मग इंग्रजीत: "आणि आमचे अध्यक्ष, ज्यांनी सहा स्त्रियांचा फोटो नावागावांसकट पुढे पोचवला. त्यातली तिसरी इथे बसली आहे. तिचा भाऊ आजारी आहे आणि त्याला भेटायला जायची तिला बंदी आहे." मागे कुणाचं बाळ शिंकलं ते स्टेजवर ऐकू आलं. काँग्रेसमनकडे वळले. "सर, सुनावणीची तारीख द्या." समोर भरलेला हॉल, सगळे मतदार. दिली. एप्रिलचा तिसरा आठवडा.
परागचा चेहरा पिठासारखा. बायको उठून बाहेर गेली. अधिकारी फोनमध्ये. मला आनंद झाला. खूप झाला. पराग लहान असता तर वाईट वाटलं असतं, पण तो पन्नाशीचा आहे.

मग शेवटचं वाक्य. कार्डावर इंग्रजीत समोर होतं. तोंडून मराठीत निघालं: "फोटोखालची नावं आणि गावं मी लिहिली होती."
हॉलभर सगळ्यांना कळलं. म. सोडून. तिने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

२३ मार्च, सोम.
केटलिनने स्वतः फोन केला. नऊला! सुनावणीसाठी म.चं निवेदन हवं, सोबत तो कागद आणि त्याचं इंग्रजी भाषांतर. भाषांतराचा फॉर्म पाठवलाय.
म. प्रिंट काढून घेऊन आली, बरोबर आलू पराठे. "तू ही करेगी ना? तुझसे अच्छी इंग्लिश किसकी है."
जाताना दारात बूट घालत, मान वर न करता: "उस दिन आख़िर में मराठी में क्या बोली थी? सारी औरतें मेरी तरफ़ देखने लगीं."
"पराठे गार होतील," म्हटलं.
बूट घालून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पिंड का, मेरे गाँव का नाम सही लिखना. उस दिन पार्किंग में तूने दो बार पूछा था." आणि गेली.

भाषांतर झालं. डावीकडून सहाही. अनुवादक म्हणून सही केली. त्याच्या वर एक रकाना आहे: मूळ मजकूर लिहिणाऱ्याचं नाव व पत्ता.
'शालिनी' एवढं लिहिलंय. ती पाचला कागद न्यायला येणार आहे. पावणेपाच झाले.