नखाची खूण

घाटकोपर, गुरुवार, १७ नोव्हेंबर १९५५

आज हौशी वर्गात चामड्याच्या पाकिटावर बोटभर मोर उठवायचा होता. चामडं भिजवलं आणि सवयीने अंगठ्याचं नख दाबून ओल पाहिली. शिकवणाऱ्या बाई चकित. "अहो, हे कुठं शिकलात?"

"पुस्तकात वाचलं."

मग सगळ्यांनी तसंच नख दाबून पाहिलं. कला म्हणे! बाबांनी स्टेशनबाहेर चपला शिवताना जन्मभर हेच नख दाबलं, तेव्हा असल्याच लोकांनी त्यांना प्यायचं पाणी वरून ओंजळीत ओतलं. आणि मी? "वडिलांनी शिकवलं" म्हणायला जीभ का झडली माझी?

निघताना बाई म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी ते पुस्तक आणा. कुठून आणू? बाबांना सहीसुद्धा येत नव्हती.