दाजींचा पिकअप, तुझी घोडी आणि तो घाट

प्रिय डारियाताई,

तुझे गुडघे कसे आहेत? समुद्राकाठची दमट हवा त्यांना मानवते ना? इकडे मी आणि लोर्ना धडधाकट आहोत. तुझी जुनिपरही सुखरूप आहे, तिने आत्ताच गवताचा भारा संपवला. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे वाचताना तुला घोडीविषयी भलतीसलती शंका येईल. आणि हे पत्र वॉल्टरदाजी घरात नसताना वाच.

आम्ही अजून घाटाच्या अलीकडेच आहोत, एका गॅरेजला लागून असलेल्या खोलीत. जानेवारीतल्या आपल्या युक्रेनी नाताळाला दाजींनी पिकअप माझ्या अंगणात ठेवला, उन्हाळ्यात त्यालाच ट्रेलर जोडून आमच्याकडची तुझी घोडी तुझ्याकडे आणायची म्हणून ढीगभर सूचना दिल्या आणि विमानाने परतले. (स्वतःची मुलं आमच्याकडे सोडताना त्यांनी इतक्या सूचना दिल्या नव्हत्या.) जायच्या आदल्या रात्री जेवताना त्यांनी मला गिअरबॉक्सचा कूलर समजावला, आठवतं? मागे वजन असलं की गिअरबॉक्सचं तेल तापतं. ते नळीतून पार पुढे, रेडिएटरच्याही पुढच्या छोट्या जाळीत येतं, तिथे वारा लागून निवतं आणि परत जातं. दाजींनी चमच्यातल्या बीटाच्या सूपवर फुंकर मारून दाखवली होती. "फुंकर थांबली की जीभ भाजली, ओरेस्ट!" मी मान डोलावली. माझं सूप तोवर थंडगार झालं होतं.

सपाटीवर सगळं छान चाललं. (आपल्या सस्कॅचवानात चढ म्हणजे धान्याच्या कोठारापुढचा, एवढाच मला ठाऊक.) घाट सुरू झाला आणि करपल्याचा वास आला. मांडीवर बटाटा भरलेल्या पेरोगींचा डबा घेऊन बसलेल्या लोर्नाला म्हटलं, "तुझ्या पेरोगी करपल्यात वाटतं." ती म्हणाली, "सकाळी सहा गिळल्यास तेव्हा नव्हत्या का करपल्या?" मग गिअर उशिरा, हिसका देऊन पडायला लागले. इंजिनाच्या तापमानाचा काटा जागच्या जागी, गिअरबॉक्सचा मात्र लाल पट्ट्यात. एका वळणावर मी पाय दाबला तर इंजिन रेड्यासारखं ओरडलं आणि गाडी तिथेच. तिथेच कसली, ताई, ती मागे सरकायला लागली.

उजवीकडे दरी, इतकी खोल की खालची नदी दोऱ्यासारखी दिसत होती. मागे ओंडक्यांनी भरलेला ट्रक भोंगा वाजवतोय. मागच्या ट्रेलरमध्ये जुनिपर लाथा झाडतेय, आणि प्रत्येक लाथेसरशी पिकअप हलतोय. मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभाच राहिलो म्हण ना. लोर्ना उतरली, चाकांमागे धोंडे लावले, घोडीला बाहेर काढलं आणि तिच्याशी गोड बोलत बोलत वळणापलीकडच्या मोकळ्या जागेत नेलं. माझ्याशी ती एवढंच बोलली, "ब्रेकवरून पाय काढलास तर बघ!" गाडी ओढून न्यायला माणसं आली तरी माझा पाय निघेना. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला.

गॅरेजवाल्या ग्वेनने तेल काढून दाखवलं. जे चेरीच्या रसासारखं लाल असायला हवं, ते उकळून उकळून काळ्या झालेल्या कॉफीसारखं निघालं. "मालकांना फोन लावू?" असं तिने विचारताच मी मटकन खाली बसलो. तिने मला पाणी दिलं. दोन दिवस मी सांगतोय की दगड उडून कूलर फुटला असणार, आणि दोन दिवस ती म्हणतेय की कूलर कुठेही फुटलेला नाही. ताई, मला घाटापेक्षा दाजींची जास्त भीती वाटते. ते ओरडले तर ठीक, पण ते गप्प बसतात.

तुझा धाकटा,
ओरेस्ट

ता. क. : आज लोर्नाने गाडीच्या तोंडावरच्या जाळीमागे हात घालून पुठ्ठा बाहेर काढला. आपण सगळेच कडाक्याच्या थंडीत इंजिन गारठू नये म्हणून लावतो तसा, खालच्या अर्ध्या भागात, बरोब्बर कूलरच्या तोंडावर! जून उजाडला तरी तिथेच. चिखलाने आणि किड्यांनी इतका माखलेला की कुणाला दिसलाच नाही. हा माझाच प्रताप, असं वाटून मला पुन्हा पाणी द्यावं लागलं.

ता. क. २ : लोर्नाने पुठ्ठा धुतला. त्यावर बर्फातल्या मासेमारीच्या तंबूचं चित्र आहे, म्हणजे तो तंबूच्या खोक्याचाच तुकडा. नाताळात असला नवा तंबू आमच्या अंगणात खोक्यातून कुणी काढला होता, ते तुला सांगायला नको.

ता. क. ३ : ग्वेन म्हणते, गिअर वाचलेत, नवं तेल भरलं की निघा. रविवारी पोहोचतो. (घाटात लोर्ना चालवेल. मी डोळे मिटून बसेन.) तुझ्याकडे मागणं एकच. रात्री बीटाचं सूप कर, आणि कूलर कसा चालतो ते दाजींना मला पुन्हा एकदा समजावून सांगायला लाव. गरम पातेल्याखाली ठेवायला पुठ्ठा मी घेऊन येतोय.