गरुडाच्या छातीवरची रेघ

१३ सप्टेंबर २०२५, शनिवार. एडिसन, अमेरिका.
आज लायब्ररीत, ज्येष्ठांच्या बैठकीत, खांबेट्याने माझा अपमान केला. नऊ माणसांसमोर. हा रिटायर्ड बँक ऑफिसर. मुलीकडे राहतो, नाणी जमवतो. सोनेरी डॉलर दाखवत होता. मी म्हटलं, आवाज बघू, आणि टेबलावर आपटला. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, खोटं नाणं आवाजावरून ओळखतो. तर हा ओरडला, अहो मास्तर, खाली ठेवा, हे काय तिकिटाचे सुट्टे आहेत? सगळे हसले. दीपाताईसुद्धा, ज्यांच्यासाठी मी दर वेळी खुर्ची धरून ठेवतो.
सूड घेणार. याच्या तोंडून सगळ्यांसमोर ‘मास्तर, चुकलो’ असं वदवून घेणार.

१४ सप्टेंबर
मार्ग सापडला. यूट्यूबवर. सन २०००च्या सोनेरी डॉलरच्या मागे उडणारा गरुड आहे. टांकसाळीत एका साच्याला ओरखडा पडला आणि काही मोजक्या नाण्यांवर गरुडाच्या छातीतून आरपार रेघ आली. शौकीन त्याला शेकडो डॉलर देतात. इला (सून) म्हणाली, खांबेटेकाका अकरा वर्षं तेच शोधतायत बाबा. छान. मी दिवाळीपर्यंत शोधतो. मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात तो नाण्यांचं टेबल मांडतो, त्याच्याच टेबलावर ठेवीन. आपटून.

१६ सप्टेंबर
इलाने बँकेत सोडलं. नोटा देऊन पंचवीस सोनेरी डॉलरची कागदी गुंडाळी घेतली. पासपोर्ट, विमानाचं तिकीट आणि नकुलच्या कंपनीचं पत्र बरोबर ठेवलं होतं, मुलगा काय करतो विचारलं तर. काउंटरवरच्या बाईने काहीच विचारलं नाही. हसली फक्त. हे जास्त संशयास्पद.

२६ सप्टेंबर
सहावी गुंडाळी. बघून झालेली नाणी परत बँकेत भरायची, नवी आणायची. अशी शिस्त खांबेट्याला जमणार नाही. डोळ्यांतून पाणी येतं. मोतीबिंदू नाही, नकुलला उगाच शंका.

३० सप्टेंबर
आज एका नाण्यावर मार्करचा ठिपका दिसला. तो पहिल्या गुंडाळीत मीच केला होता. म्हणजे बँक माझीच नाणी मला परत देते आहे. दोन आठवडे! यात खांबेट्याचा हात असू शकतो. तोही बँकवालाच.
उद्यापासून दुसरी बँक.

९ ऑक्टोबर, सकाळी ११.१०
सापडलं. छातीतून आरपार. रुहीने (नात, नऊ वर्षं) फोनवर मोठं करून पाहिलं. म्हणाली, आजोबा, पुअर बर्ड! मी म्हटलं, बर्ड नाही बाळा, खांबेट्या.

९ ऑक्टोबर, संध्याकाळी
ठेवायचं कुठे? नकुल म्हणतो, बाबा, लॉकर घेऊ. बँकेत! हा माझा मुलगा.
युक्ती केली. त्याच सालची साधी दहा नाणी त्यात मिसळली आणि अकराही देवघरातल्या वाटीत ठेवली. चोराला कुठलं ते कळणार नाही. मला डोळे मिटून, नुसत्या बोटाने कळेल.

१५ ऑक्टोबर
या घरात दिवाळीची साफसफाई म्हणजे व्हॅक्यूम. देवघर काळं पडलंय. इलाला स्पष्ट सांगितलं, लक्ष्मीपूजनाला देवघरातली एकूण एक वस्तू घासून लख्ख पाहिजे. आमची आई रांगोळीने घासायची. इला म्हणाली, बाबा, मला मीटिंग्ज आहेत हो. कारणं नकोत म्हटलं.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
इलाने घासलं. रांगोळी आणि तारेची घासणी. समई, ताम्हन, आणि अकराच्या अकरा नाणी.
आता अकरा गरुडांच्या छातीवर रेघा आहेत.
बोट फिरवलं. अकराही सारखीच लागतात. टेबलावर आपटली. आवाजही सारखाच.
इला म्हणते, तुम्हीच म्हणालात ना, एकूण एक वस्तू? मी म्हटलं, नाणं ही वस्तू नाही. नकुल म्हणाला, मग काय आहे? निषेध म्हणून जेवलो नाही. फक्त शंकरपाळे.

२० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
अकराही पूजेला मांडली. लक्ष्मीला तरी कळत असेल कुठलं ते. रुही म्हणाली, आजोबा, आस्क खांबेटे आजोबा, ही विल नो. जीव गेला तरी नाही.

२१ ऑक्टोबर
इलाला घेऊन खांबेट्याकडे गेलो. शत्रूचं घर एकदा आतून बघून ठेवावं.
चहा दिला. साखर कमी. मग भिंग काढलं. पाचव्या नाण्यावर थांबला. म्हणाला, हे बघा मास्तर, साच्याला ओरखडा असला की नाण्यावर रेघ वर उठून येते. घासणीची आत जाते. हे अस्सल आहे.
भिंग खाली ठेवलं. मग एकदम, कोणी घासलं हो हे? घरात कोणी गेल्यासारखा आवाज. घासलेल्या नाण्याला शौकीन हात लावत नाहीत म्हणे. किंमत विचारली. म्हणाला, एक डॉलर.
इला मान खाली घालून बसली होती. मी म्हटलं, मीच घासलं. का म्हटलं माहीत नाही. तिच्याशिवाय परत घरी कोण सोडणार, हा विचार असेल.
निघताना त्याने विचारलं, शनिवारी माझ्या टेबलावर मांडू का? मला हेच तर पाहिजे होतं. हो म्हटलं. अडकला.

२५ ऑक्टोबर, शनिवार
मंडळाचा कार्यक्रम. माझं नाणं टेबलाच्या मधोमध, मखमलीवर. समोर माझ्या नावाचं कार्ड, नावाखाली ‘रिटायर्ड कंडक्टर. यांना हे तेवीस दिवसांत सापडलं. मला अकरा वर्षांत नाही.’
दीपाताई म्हणाल्या, काय मोठं मन हो खांबेट्यांचं! सगळे तेच म्हणाले. मग कोणीतरी माझ्या हातात माईक दिला. खूप दिवसांचं भाषण तयार होतं. पण तोंडातून आलं, चुकलो हो, खांबेटेसाहेब. घासायला नको होतं.
टाळ्या.
गाडीत रुहीने विचारलं, आजोबा, सो हू वन? मी म्हटलं, झोप आता, उशीर झालाय.
दुपारचे तीन वाजले होते.