सुदामअण्णांचे वाढीव अश्रू

आदरणीय पंढरीदाजी यांस,

चाकूरहून भुजंगचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलंय, तर गच्चीवरच्या टाकीचा नाद सोडा. ताईची शुगर आणि नांदेडचं ऊन, यातलं जे उतरलं असेल ते कळवा. इकडं आई बरी आहे. मी बरा नाही. अंगात ताप नाही, पण स्टुडिओचं शटर उघडायची भीती वाटते. फोनच केला असता, पण ही गोष्ट कम्प्युटरला ऐकू जाईल अशी बोलायची हिंमत होत नाही, म्हणून बाहेर रसवंतीत बसून लिहितोय (कागद चिकट लागला तर माफी असावी).

तर दाजी, लग्नाचे व्हिडिओ जोडायचं माझं सॉफ्टवेअर मागच्या महिन्यात आपोआप नवं झालं. मी काही मागितलं नव्हतं. उघडलं तर पडद्यावर पाटी, आता हेही करता येईल आणि तेही करता येईल. पूर्वी ढीगभर क्लिपांतून नवरीचा मामा शोधायचा म्हणजे डोळे जायचे. आता नुसतं 'हसणारी नवरी' असं लिहायचं, की ती जिथं जिथं हसली तेवढे तुकडे समोर हजर. मी गंमत म्हणून 'रुसलेली माणसं' असं लिहिलं, तर त्यानं नवरदेवाकडचं सगळं वऱ्हाड काढून दिलं. तेव्हाच मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण ते बरोबर होतं. मागं उभा असलेला मंडपवाला पुसून टाकता येतो, जनरेटरची घरघर काढून भटजी ठेवता येतात. हे सगळं मी सहन केलं. पण त्यात एक सोय अशी आहे, की शॉट कमी पडला तर त्याचं टोक धरून ओढायचं. पुढचं चित्र यंत्र मनानं तयार करतं. म्हणजे माणसानं जे केलंच नाही ते, त्याच्याच तोंडानं आणि त्याच्याच कपड्यांत.

जळकोटकडच्या भगवानरावांच्या लेकीच्या, अंबिकेच्या लग्नाचं काम माझ्याकडं होतं. त्यांचा धाकटा भाऊ सुदामअण्णा. बांधावरच्या चिंचेवरून दोघांचं बोलणं बंद. (चिंच पुढं वादळात पडली, अबोला तेवढा उभा राहिला.) सुदामअण्णा लग्नाला आले, मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभे राहिले, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेले. माझ्या कॅमेऱ्यात त्यांचा अक्षता टाकणारा हात आला आणि लगेच कुणाचा तरी फेटा आडवा आला. एवढाच तुकडा. पण चित्र संपलं तरी मंगलाष्टकाची एक ओळ उरत होती, म्हणून मी टोक धरून ओढलं. माझं लक्ष आवाजाकडं होतं. हाताला सहावं बोट फुटलं नाही ना, एवढं बघितलं (यंत्राला बोटं नीट मोजता येत नाहीत म्हणतात) आणि पुढं सरकलो.

व्हिडिओ द्यायला गेलो तर भगवानरावांनी दुपारी सगळं घर टीव्हीपुढं बसवलेलं. पुढच्या खुर्चीत त्यांच्या आई, मनकर्णाबाई. माझ्या हातात पोह्यांची बशी. मंगलाष्टकं सुरू झाली, सुदामअण्णा आले, अक्षता टाकल्या. मग त्यांनी मान खाली घातली, उपरण्यानं डोळे पुसले आणि स्टेजकडं बघून हात जोडले. दाजी, मी बशी खाली ठेवली. हे मी काढलं नव्हतं.

"थांबव. मागं घे," म्हातारी म्हणाली. मागं घेतलं. "माझं सुदाम रडूलालंय रं, भगवान."

भगवानराव माझ्याकडं वळले. "खरंय का हे?"

मी सांगणारच होतो, देवाशप्पथ. पण म्हातारी उठून टीव्हीपाशी गेली होती आणि काचेवरून लेकाच्या तोंडावर हात फिरवत होती. मी म्हणालो, "कॅमेऱ्यात... आलंय."

"गाडी काढ," भगवानराव म्हणाले. "तूबी चल."

त्या रस्त्यानं मी मोटरसायकल अशी चालवली, की शेळ्यांचा एक कळप आम्हाला मागं टाकून गेला. मागं भगवानराव बसलेले. सुदामअण्णा 'मी कव्हा रडलो' म्हणणार, हे मला दिसत होतं. दोघा भावांची पहिली एकी मला बडवण्यात होणार, हेही दिसत होतं. पोचलो तेव्हा अण्णा कडबा तोडत होते. हातात कोयता. भगवानरावांनी मोबाईलवर तोच तुकडा लावून पुढं धरला. अण्णांनी बघितलं. पुन्हा लावून बघितलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की ओढलेल्या भागात उपरणं भलत्याच खांद्यावर गेलंय. मी गाडीची किल्ली मुठीत धरली.

अण्णांनी कोयता खाली ठेवला. "बस, दादा."

भगवानराव बाजेवर बसले. म्हणाले, "जेवला का न्हाईस रं त्या दिवशी?"

"तू वाढाय आला न्हाईस."

आतून चहा आला. भगवानरावांनी स्वतःच्या कपातला अर्धा चहा भावाच्या कपात ओतला. मी दुसरीकडं बघत राहिलो.

निघताना अण्णा मला गाडीपर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "मी मंडपात रडलोच न्हाई. अक्षता टाकल्या आन् भाईर निघालो. जनरेटरच्या गाडीमागं जाऊन रडलो, तोंडात उपरणं धरून. तिथं कुणी नव्हतं. तुला कुणी सांगितलं?"

दाजी, मला कुणीच सांगितलं नव्हतं. यंत्र नुसता अंदाज करतं, हे मला ठाऊक आहे. तरी त्या दिवसापासून काम संपलं की मी पडद्यावर आईचं जुनं लुगडं टाकून ठेवतो आणि काम करताना मनातलं तोंडावर येऊ देत नाही. मनकर्णाबाई आता सुदामअण्णांकडं राहायला गेल्या आहेत. दोघे भाऊ वाटेत भेटले की मला घरी बोलावतात, आणि मी वाट बदलतो.

ताईला नमस्कार, भाची साक्षीच्या पाठीवर शाबासकीची थाप.

तुमचा घाबरलेला मेहुणा,
भुजंग

ता. क. तुमच्या वास्तुशांतीचा व्हिडिओ ताईला पाठवला आहे. त्यात तुम्ही दोघं होमापाशी बसल्याचा एक शॉट लहान पडत होता. मी टोक ओढलं. त्यात तुम्ही मान वळवून ताईकडं बघता आणि हसता. चांगलं भरपूर हसता. ताईचा फोन आला होता, 'हे खरंच असे हसले होते का रे? धुरात मला दिसलंच नाही.' मी हो म्हणून बसलो. आता ती तुम्हाला विचारील. दाजी, हो म्हणा, एवढ्यासाठीच पत्र लिहिलं.

आणखी एक. ताई रोज तेवढाच तुकडा लावून बसते, असं साक्षी सांगत होती. यंत्र एकदा बरोबर निघालं आहे, म्हणून भीत भीत विचारतो, त्या दिवशी तुम्ही मनातल्या मनात हसला होता का? नसाल, तर मला कळवू नका.