शिवड्याचा जबडा

सोम. ६ जाने.
ठाण्याला पोचेपर्यंत दहा. कॉलेजात प्रदर्शनाची घाई. मॅडमना दोन शिकारी मासे शेजारी मांडायचेत, एक समुद्रातला, एक गोड्या पाण्यातला. मोठ्या मुशीचा, म्हणजे शार्कचा, जबडा लॅबमध्ये आहेच. मी बोलून गेले, आमच्याही घरी मुशीचा जबडा आहे, बाबांनी मारलेली. आणा, बघू, म्हणाल्या. कशाला बोलले. पाठ दुखतेय.

मंगळ. ७
सुरेशदादाला फोन केला, जबडा प्रदर्शनात लागणार ऐकून तो हरखलाच. दादा मोहन्याला असतो, बाळाकाकाचा मुलगा. तो वर्षाचा होता तेव्हा काका खाडीत होडीतून गेला. सोबत फक्त बाबा. मुशीने ओढलं, म्हणाले. काका सापडला नाही. महिन्याने बाबांनी ‘ती’ मुशी मारली, जबडा भिंतीवर टांगला. जुनं घर पाडल्यापासून तो इथे डोंबिवलीत, माझ्या माळ्यावर. दादाला जबड्याशेजारी काकाचा फोटो हवाय. रविवारी आणतो म्हणाला.
बाबा अर्धंच जेवले.

बुध. ८
जबडा लॅबमध्ये नेला, वरचा काळा रंग खरवडला. मग मुशीच्या शेजारी ठेवला.
मुशीचा कूर्चेचा, हलका. दात त्रिकोणी, कडेला करवत, रांगेमागे रांग. आमचा हाडाचा. दात टाचणीएवढे, ब्रशसारखे दाट. शिवडा. नदीतला. मोठा असेल, पण माणसाला ओढून नेणारा नाही.
तीस वर्षं लॅबमधली मुशी पुसतेय. घरातला जबडा कधी खाली काढून बघितला नाही. गावातल्या जुन्या माणसांना कळलं नसेल? कळलंच असेल. कोणी बोललं नाही.
मॅडम उलट खूश, त्यांना नदीतलाच हवा होता. कार्ड लिहा म्हणाल्या. कुठे, कोणी, कसा पकडला.

गुरु. ९
कार्ड कोरं. बाबांचा दमा वाढलाय, दोनदा वाफ दिली. विचारायचं राहिलं. म्हणजे, विचारलं नाही.

शुक्र. १०
विचारलं. त्यांनी मान वरही केली नाही.
“शिवडाच हाय तो. मना म्हायती हाय.”
दोघं प्यायले होते. बाबांना झोप लागली. जाग आली तेव्हा होडीत एकटेच.
“आयसला काय सांगू? झोपलो व्हतो, सांगू?”
तोंडून ‘मुशी’ निघालं ते निघालं. मग आजी रोज विचारायची, केवढी होती, बाळ्याला फार दुखलं असेल का. शेवटी नदीवर मोठा शिवडा मिळाला. त्याचा जबडा काळा रंगवला, उंच टांगला. त्यानंतर आजीने विचारणं सोडलं.
मला राग आलाय. बाबांचा, की... नको. भांडी पडलीत.

शनि. ११
बाबा म्हणतात, सुरेशला तूच सांग. मी नाही म्हटलं. दादाने जन्मात मुशी खाल्ली नाही. त्याच्या घरात ती शिजत नाही, सुनेलाही पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं. मी कुठल्या तोंडाने सांगू? आणि कार्डावर शिवडा लिहिलं तर तो वाचणारच.
बाबांनी दुपारभर भिंतीकडे तोंड केलेलं.

रवि. १२
दादा आला. फोटो नव्या फ्रेममध्ये, कागदात गुंडाळलेला. बाबांनी मला चहा टाकायला पाठवलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. आवाज कोणाचाच चढला नाही. मधूनमधून बाबांचा खोकला. वीसेक मिनिटं.
दादा बाहेर आला तो बेसिनवर बराच वेळ तोंड धूत राहिला. मग म्हणाला, “यांची दाढी किती वाढलीय गं.” बाबांना शर्ट घातला, हाताला धरून खाली नेलं, स्कूटरवर बसवलं. न्हाव्याकडे. मी खिडकीत. बाबांनी त्याला मागून घट्ट धरलेलं, एवढं दिसलं.
फोटो टेबलावर, कागदातच.
दीड तास झाला, दोघं अजून परत नाहीत. न्हावी कोपऱ्यावरच आहे. दादाचा फोन वाजतो, उचलत नाही. चहा झाकून ठेवलाय.