शिष्यवृत्तीची जागा कुणाच्याही नावे नाही

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, किल्ल्या बनवणाऱ्याची थोरली मुलगी, आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली पहिली, कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. माझ्या डोक्यात गाठ आहे आणि सोमवारी ती काढायची आहे. तिच्यामुळे माझ्या विचारशक्तीला बाधा आलेली नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दोन प्रती जोडल्या आहेत, एखादी हरवली तर असावी म्हणून.

१. राहते घर भाड्याचे आहे, त्यामुळे त्यात माझे देण्यासारखे काही नाही. पुस्तकांचे कपाट बाबांना द्यावे; किल्ल्या टांगायला होईल. बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला मिळावी. ती कशासाठी खर्च करावी याची अट घालत नाही. दुसऱ्यांच्या अटी वाचण्यात माझी सहा वर्षे गेली.

२. ही सहा वर्षे मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात, जिन्याखालच्या टेबलाशी, पदवीनंतरच्या शिक्षणासाठी पैसे शोधणाऱ्या मुलांना मदत करत बसले. त्या टेबलाचे उद्घाटन विभागप्रमुखांनी केले. खुर्ची मात्र मला घरून न्यावी लागली. ती घडीची खुर्ची त्यांना द्यावी. तिचा मागचा पाय दगा देतो. हे त्यांना आधी सांगावे. माझे मन होत नाही, पण सांगावे.

३. मुलांचे अर्ज मी बाबांना वाचून दाखवत असे. त्यांना स्वतःला वाचता येत नाही; ते कानशीने किल्ली घासत ऐकत. कानस थांबली की मी ते वाक्य ठेवत असे, चालू राहिली की खोडत असे. माझ्यानंतर टेबलाशी जो कोणी बसेल त्याने बाबांच्या दुकानात जात राहावे.

माझा स्वतःचा अर्ज मात्र मी त्यांना वाचून दाखवला नाही. मला समुद्रकाठच्या पुलांना लागणाऱ्या गंजावर संशोधन करायचे आहे. ऐकताना कानस थांबलीच नाही तर काय, अशी भीती वाटली. निवड झाल्यावर बाबा एवढेच म्हणाले, "गंज? अगं, मग मला विचारायचंस की!" त्याची हळहळ अजून जात नाही.

४. आता बाहेरगावी जाऊन संशोधन करण्याच्या त्या शिष्यवृत्तीबद्दल. जागा एकच. निवड माझी झाली, आणि प्रतीक्षा यादीत पहिली आहे आमची पाणीवाली. विहिरींचे पाणी खारे का होत जाते यावर तिला काम करायचे आहे, म्हणून टेबलाशी तिला हे नाव पडले. तिचा अर्ज ऐकताना बाबांनी कानस खालीच ठेवली होती. मी शुक्रवारपर्यंत नकार कळवला असता तर जागा तिला मिळाली असती. त्यानंतर मी गेले नाही, तर ती यंदा रिकामी राहणार. पुढच्या वर्षी पाणीवाली वयाच्या अटीबाहेर जाते.

ही जागा मी तिच्या नावे लिहिली होती. शेजारच्या वकीलकाकूंनी ते कलम खोडले. "अगं, जागा म्हणजे काय सायकल आहे, हिला द्या नि तिला द्या? तुझं काही झालं की ती संपली."

पाणीवाली गुरुवारी घरी आली. उंबऱ्यातूनच म्हणाली, "ताई, नकार कळवलात तर मी ती घेणार नाही. सांगून ठेवते."

"न घ्यायला वेडी आहेस का?"

"तुमच्या टेबलाशी वर्ष काढलंय. शहाणी कशी राहीन?"

आम्ही दोघी हसलो. मग ती रडली आणि मी तिला पाणी दिले.

शुक्रवार काल होऊन गेला. नकाराचा मजकूर दिवसभर समोर उघडा होता. मी तो पाठवला नाही. मला जायचे आहे. मी यातून वाचले नाही, तर एका हुशार मुलीची जागा माझ्या हट्टापायी वाया गेली असेल, हे मला आज माहीत आहे. तिची माफी मागत नाही, कारण ती लगेच देईल, आणि तेवढ्यावर सुटण्याचा मला हक्क नाही.

५. प्रवासासाठी घेतलेली नवी बॅग पाणीवालीला द्यावी. मात्र मी दवाखान्यातून परत आले नाही तरच. आले तर ती मला लागेल.

हे सर्व मी दोनदा वाचले आणि मला मान्य आहे.

लिहून देणार: थोरली (सही)

साक्षीदार:
१. शेजारच्या वकीलकाकू (सही)
२. ग्रंथालयातले शिपाईमामा (सही)

ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून बाबांची सही घेतलेली नाही. ते रुसले आहेत.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा शनिवार