चारही बटणे शाबूत

प्रिय दादा,

तुझा गणवेश कमरेला दोन इंच सैल केला, बाह्यांची कड नवी घातली, कडक इस्त्रीही केली. तरी तो तुला रविवारच्या निरोप समारंभात घालता येणार नाही. मीही येणार नाही. का, ते सांगते, पण माझ्या पद्धतीनं सांगते. तुमच्या ठाण्यात मी सात वेळा जबाब दिला आणि सातही वेळा कुणी ना कुणी म्हणालंच, बाई, मुद्द्याचं बोला. आज मला अडवायला कुणी नाही.

परवा भिंगरी अठरा वर्षांची झाली असती. शाळेतून घरी येता येता ती गेली तेव्हा सात वर्षांची होती, हे तुला सांगायला नको, तिचं वय कागदावर तूच लिहिलंस. त्या मंगळवारी मी ठाण्यात धावत आले, तर तुझे साहेब म्हणाले, पोरं जातात खेळायला, संध्याकाळपर्यंत वाट बघा. संध्याकाळी म्हणाले सकाळपर्यंत बघा. तिसऱ्या दिवशी ती बंद पडलेल्या पंपघरात सापडली, तीही पोलिसांना नाही, पाइप चोरायला गेलेल्या माणसाला. साहेब पोचेपर्यंत अर्धं गाव आत जाऊन बघून आलं होतं. मग कुत्रं आणलं. त्यानं दोन शिपायांचे बूट हुंगले आणि सावलीत जाऊन बसलं. अकरा वर्षं झाली, त्या कुत्र्याचा मला अजून राग येत नाही. त्याला निदान खोटं लिहिता येत नव्हतं.

बातमी सांगायला तू स्वतः आलास. माझ्या शिलाई मशीनशेजारी जमिनीवर बसलास आणि माझे दोन्ही हात धरून म्हणालास, "तिला काही कळलंही नसेल गं. झोपेत गेल्यासारखी गेली." दादा, त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली. बाकी सगळ्यांवर ओरडले, तुझ्यावर नाही. निघताना तू सुई-दोरा मागितलास, बाहीचं बटण तुटलंय म्हणालास. मी ड्रॉवरकडे बोट केलं. अशा वेळी या माणसाला बटण सुचतं कसं, असं क्षणभर मनात आलं. मग वाटलं, बिचाऱ्याला साहेबांसमोर उभं राहायचं असेल.

दुपारी मला कपडे ओळखायला बोलावलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर तिचा पिवळ्या ठिपक्यांचा फ्रॉक ठेवला होता, पाठीकडची बाजू वर करून. हात लावायचा नाही म्हणाले. तो मी शिवलेला फ्रॉक, पाठीला चार बटणं. मी बटण लावते ते चार भोकांतून दोन सरळ टाके घालून, गाठ आतून. वरून तिसऱ्या बटणाचे टाके फुलीचे होते आणि गाठ बाहेर, बटणाच्या कडेला. मी साहेबांना म्हटलं, हे बटण मी लावलेलं नाही. साहेबांनी चहाचा घोट घेतला आणि तुला म्हणाले, लिहा काय ते. तू लिहिलंस. तुझं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे, आई सगळ्या गल्लीला दाखवायची. वाचून दाखवलंस तेव्हा ओळ होती, चारही बटणे शाबूत. मी विचारलं, शाबूत म्हणजे? तू मान वर न करता म्हणालास, म्हणजे आहेत. आणि होतीच ना चार. मी सही केली.

पण गप्प बसले नाही. ज्यानं हे केलं त्याच्याकडे सुई होती, त्याला बटण लावायला वेळ होता, हे मी दिसेल त्याला सांगत सुटले. साहेब महिनाभर हसले. मग वर्तमानपत्रांनी तपासाची लक्तरं वेशीवर टांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना माझी सुई आठवली आणि त्यांनी माझ्या दुकानासमोरच्या रफूवाल्याला उचललं. एकोणीस दिवस ठेवलं. पुरावा नाही म्हणून सोडलं तेव्हा त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं मिटत नव्हती. रफूवाल्याची बोटं, दादा. आणि मी काय केलं? तो घरी आला त्या दिवशी त्याच्या उंबऱ्यावर थुंकले. त्याच्या बायकोनं फडकं आणून पुसलं. आठवड्याभरात त्यांनी बिऱ्हाड हलवलं. ते एकोणीस दिवस तू त्याच ठाण्यात, भिंतीपलीकडे बसून सुवाच्य अक्षरात लिहीत होतास. पुढे तीन साहेब बदलले, तपास लागत नाही असा शेरा मारून फाइल बांधली, आणि तुला दोनदा बढती मिळाली.

मागच्या शुक्रवारी वहिनी गणवेश घेऊन आली. तुझं पोट सुटलंय म्हणून हसत होती, मीही हसले. मापं घेताना छातीवरचं दुसरं बटण दिसलं. टाके फुलीचे. गाठ बाहेर, कडेला. मी सहज विचारावं तसं विचारलं, हे कुणी लावलं गं? तर वहिनी कौतुकानं म्हणाली, "आमच्याकडे बटणं हेच लावतात. ट्रेनिंगपासूनची सवय, मला हात लावू देत नाहीत." ती गेल्यावर मी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि जमिनीवर बसून राहिले.

तू ते माझ्यासाठी केलंस, हे मला कळतं. तुटलेलं बटण माझ्या नजरेस पडू नये, झोपेत गेली हे मला खरं वाटावं, म्हणून माझ्याच ड्रॉवरमधलं बटण, माझाच सुई-दोरा. म्हणूनच मला तुझी जास्त चीड येते. झोपेतल्या मुलीचं बटण तुटत नाही. माझी भिंगरी झगडली होती, आणि ते तू माझ्यापासून चोरलंस. खरं बटण त्या पंपघरात पडलेलं असेल, नाहीतर कुणाच्या तरी खिशात गेलं असेल. कुणी शोधलं नाही, कारण कागदावर चारही शाबूत होती. आणि मी बोंबलत होते तेव्हा तू एकदा, फक्त एकदा, ते मी लावलंय म्हणाला असतास, तर त्या माणसाची बोटं वाचली असती.

तर आता मुद्द्याचं बोलते. गणवेशावरचं ते बटण मी कापडासकट कापून घेतलंय, म्हणून छातीवर भोक आहे. रविवारी तुला हार घालतील तेव्हा मी रफूवाल्याच्या दारात असेन. पत्ता मिळालाय, दार उघडलं तर पाया पडेन. सोमवारी सकाळी या पत्राची दुसरी प्रत, ते बटण टाचून, नव्या साहेबांच्या टेबलावर मी स्वतः ठेवणार आहे. फ्रॉक तुमच्या मुद्देमालाच्या खोलीत असेल, दोन्ही शेजारी ठेवून बघू देत. तुझ्याकडे शनिवारपर्यंतचा वेळ आहे. त्याआधी आपल्या पायांनी ठाण्यात गेलास तर तो तुझा जबाब होईल, नाही गेलास तर ती माझी तक्रार असेल. तुझ्याच अक्षरात लिही, वाचून घे, आणि मगच सही कर.

तुझीच,
भिंगरीची आई